गिझर भिंतीबाहेर

आमच्या घरातला गॅस गिझर मी सांभाळते, हे आधीच सांगून टाकते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, चारचौघांत सांगतात की ते सांभाळतात. त्यांना विचारून बघा, त्याला सेल किती लागतात. दोन लागतात, जाडे. ते उतरले की नळ सोडल्यावर नुसतं टकटक वाजतं आणि ज्योत धरत नाही. मग मालक डब्याला चापट्या मारतात. चापट्यांनी चालायला तो काय जुना रेडिओ आहे?

तळेगाव ढमढेऱ्यात आमचं घर, मागं ऊस आणि पुढं रस्ता. लाइट नेमकी सकाळी आंघोळीच्या वेळेला जाते, म्हणून गॅसवरचा गिझर घेतला. बोअरच्या पाण्याला क्षार इतका की आतल्या नळ्या चुना लावल्यासारख्या पांढऱ्या होतात, त्या मी वेळच्या वेळी धुऊन घेते. सिलिंडर बदलला की जोडावर साबणाचा फेस लावते. बुडबुडे आले तर गळती आहे, नाही आले तर बरं. ज्योत निळी आहे ना, ते गिझरच्या काचेतून रोज बघते. हे मला कुणी शिकवलं नाही. खोक्यातून एक कागद आला होता, तो मी वाचला. बाकी कुणी त्याला हात लावला नाही.

त्याच कागदावर लिहिलं होतं की हा बंद बाथरूममध्ये बसवू नका. फिटर आला तेव्हा मी म्हटलं, "भाईर लाव, सिलिंडरच्या शेजारी." तो माझ्याकडं न बघता मालकांना म्हणाला, "सायेब, कुठं लावू?"

"आतच लाव," मालक म्हणाले. "भाईर पावसापाण्यात गंजंल."

झालं. आतच लागला. वर हातभर झरोका होता, त्याच्याकडं बघून मी मनाची समजूत घातली आणि गप्प बसले. आज मला फिटरचा राग येतो, मालकांचा येतो, पण सगळ्यात जास्त माझा येतो. कागद वाचलेली मी आणि तोंड शिवून उभी राहिलेली पण मीच!

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती ऐन थंडीत. तिचं सासर दौंडला, जावई रेल्वेत. मुलगी झाली, गोरीपान, भरपूर जावळाची. दवाखान्यातून घरी आल्यावर न्हाऊ घालणाऱ्या मावशी यायला लागल्या आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, घराचा ताबा घेतला. पहिला हुकूम सुटला झरोक्यावर. "बाळंतिणीला वारा लागला तर जन्माची कंबर जाती," असं म्हणून त्यांनी त्यात पोतं कोंबलं.

मी पोतं काढलं. दुसऱ्या दिवशी परत कोंबलेलं. मी परत काढलं आणि सरळ गोठ्यात नेऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या लुगड्याचा बोळा.

"आत्याबाई, आत गॅस जळतोय. त्याला हवा लागती," मी म्हटलं.

"मी सात बाळंतपणं केली. मला शिकिवती व्हय?"

"तवा चुलीवर पाणी तापत व्हतं. चूल काय न्हाणीत मांडली नव्हती तुम्ही!"

त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, नका बोलू, पण झरोका उघडा राहील. मालक मध्ये पडले, "तू लईच ताणती. आईचं मन राख की जरा." मी मान हलवली नाही.

मग आला बाजारचा दिवस. मला खारीक, डिंक आणि मेथी आणायची होती. तासाभरात परत येते म्हणून निघाले. माझी पाठ वळली आणि मालकांनी आईचं मन राखलं. झरोक्यावर प्लायवूडचा तुकडा ठेवून चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले. पोतं निघतं, बोळा निघतो, पण खिळा कसा निघेल! दोघांना वाटलं, मला बरोबर गप्प केलं.

मी परत आले तेव्हा अंगणात मावशी शेगडीवर ओवा-शेपा टाकून नातीला धुरी देत होत्या. लेक कुठं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आत हाय. म्हटलं, कडक पाणी घे कमरंवर निवांत, तवर पोरीचं आवरते." बाथरूमचं दार लावलेलं, गिझरची घरघर चालू. मी हाक मारली. ओ नाही. परत मारली. नुसता पाण्याचा आवाज. हातातली पिशवी तिथंच टाकली आणि दार ढकललं.

आत वाफच वाफ. लेक पाटावर बसलेली, भिंतीला टेकलेली, डोळे अर्धे उघडे. पाणी पाठीवर पडत होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. गिझरच्या काचेत ज्योत पिवळी दिसत होती. मी नळ बंद केला, तिच्या काखेत हात घातले आणि ओढत अंगणात आणली. अंगावर चादर टाकली आणि उघड्या थंड वाऱ्यात तिला मांडीवर घेऊन बसले. आत्याबाई ओरडायला लागल्या, "आगं, वाऱ्यात कशाला आणली? आत घे तिला!"

"आत घेतली तर मरंल ती!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडले. मावशी रडायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, पोरीला दृष्ट लागली. मालक म्हणाले, अशक्तपणानं चक्कर आली असंल. मी म्हटलं, गाडी काढा आधी.

शिक्रापूरच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गिझर कुठं आहे?" मी मालकांकडं बघितलं. त्यांनी खाली मान घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गॅस गळाला तर वास येतो, पण बंद खोलीत गॅस नीट जळला नाही तर जी हवा तयार होते तिला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते.

संध्याकाळी लेक बोलायला लागली, तेव्हा मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "दौंडला काय सांगू नको. व्याह्यांसमोर आपली मान खाली जाईल."

"जाऊ द्या," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच विहीणबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, खिळ्यांसकट. मालक बाहेर जाऊन उभे राहिले. खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही.

घरी आल्यावर मी चहासुद्धा घेतला नाही. हातोडा घेतला, स्टुलावर चढले आणि प्लायवूड उचकटून काढलं. मग फिटरला बोलावलं. तो आला आणि सवयीनं म्हणाला, "वहिनी, सायबांना इचारतो."

"सायबांना काय इचारतो? आत आंघोळीला काय तू बसणार हाईस? भाईर लाव म्हटलं ना!"

मालक ओसरीवर होते. तिथूनच म्हणाले, "ती सांगंल तसं कर." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

गिझर बाहेरच्या भिंतीवर गेला. वर पत्र्याची टोपी केली आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आली. आत्याबाई अजून म्हणतात की लेकीची कंबर दुखली तर माझ्या नावानं दुखंल. म्हटलं, दुखू द्या. दुखायला माणूस जिवंत लागतं.

तेव्हापासून मला खोडच लागली. कुणाकडं हळदीकुंकवाला गेले की वाण घ्यायच्या आधी मी त्यांचं बाथरूम बघते. बायका हसतात, "आल्या गिझरवाल्या, झाडाझडती घ्यायला!" हसा म्हटलं, बाई. आमच्या आळीतले तीन गिझर मी भांडून भांडून बाहेर काढलेत आणि चौथ्या घरी सध्या बोलणं बंद आहे.

सव्वा महिन्यानं लेकीला आणि नातीला घेऊन मी दौंडला गेले. झबली, टोपडी, डिंकाचे लाडू, सगळं बरोबर. विहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि आम्हाला घरात घेतलं. मी पाय धुवायच्या निमित्तानं आत गेले आणि बघते तर काय, गिझर आतच! खिडकीच्या काचेवर थंडीसाठी वर्तमानपत्र चिकटवलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर मी एवढं घसा फोडून सांगितलं होतं!

बाहेर येऊन मी विषय काढला. विहीणबाई गोडच बोलल्या, "आवं, आमचा लई वर्षं झाली चालतोय. कवा काय झालं न्हाई."

"आमच्याकडं बी काय झालं नव्हतं, त्या सकाळपतुर."

"तुमच्याकडं भोक बुजवलं व्हतं. आमच्याकडं तसलं काय न्हाई."

खिडकीवरचं वर्तमानपत्र त्यांच्या डोळ्याला दिसतच नव्हतं. मी पदर खोचला. लेकीच्या सासरी भांडायचं नसतं, हे मलाही माहीत आहे. पण मी चार दिवसांत परत जाणार, नंतर इथं रोज कोण उभं राहणार? तेवढ्यात विहीणबाई सुनेला म्हणाल्या, "दमून आलीस, जा, गरम पाणी घे. पोरीलाबी आत घेऊन बस, मी न्हाऊ घालते दोघींना."

लेक उठली. माझी लेक लहानपणापासून मुकी म्हणावी इतकी गरीब, सासरी तर डोळे वर करून बोलत नाही. नातीला छातीशी धरून ती बाथरूमच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

"आत्या, मी आत जाणार न्हाई," ती सासूला म्हणाली. "त्या दिवशी मला कायच दुखलं न्हाई. जीव घुसमटला न्हाई का भ्या वाटलं न्हाई. नुसती झोप येत व्हती आन् लई बरं वाटत व्हतं. ही माझ्या मांडीवर असती ना, तर हिलाबी बरंच वाटलं असतं. ही रडलीसुदिक नसती."

विहीणबाई नातीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पुढं होऊन तिला सुनेच्या हातातून घेतलं, दारापासून लांब नेलं आणि मुलाला हाक मारली.

"आरं, तो सिलिंडर बंद कर आधी. आन् आत्ताच्या आत्ता फिटरला फोन लाव."