कमानीवरच्या काचपट्ट्या

मामा, हे पत्र तुम्हालाच. पण थेट 'तुम्ही' म्हणून लिहायला गेले तर मध्येच रागावेन, म्हणून परक्या माणसाची सांगावी तशी तुमची गोष्ट सांगते.

शाळेचे शिपाई. पोरी त्यांना किल्लीमामा म्हणत. जिन्याखालच्या खोलीत त्यांचे वडीलही शिपाई म्हणूनच राहिले. खालचा मजला दगडी, भिंती दोन हात रुंद. वरचा विटांचा, साठ वर्षांनी चढवलेला. त्याचा बराच भार जिन्यावरच्या कमानीवर, आणि कमानीला तडा. इंजिनिअरने तड्यावर आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तडकणार, आपल्याला कळणार. मामांना हे कुणी सांगितलंच नाही. मुख्याध्यापिका असून मीही नाही.

मामांना फुटकं काही बघवत नसे. तावदान फुटलं की मधल्या सुट्टीच्या आत नवं. पट्टी तडकलेली दिसली, त्यांनी बदलली. पुन्हा तडकली, पुन्हा बदलली. इंजिनिअर आला, काचा शाबूत बघून इमारत सुरक्षित असल्याचा दाखला देऊन गेला.

तिसऱ्यांदा मामा शिडीवर चढले तेव्हा वर सातवीचा वर्ग भरला होता. एक पट्टी काढत असताना शेजारची टक् करून तडकली. कुणी हातही लावला नव्हता. 

शिडी धरून उभी असलेली त्यांची बायको ओरडली, "अहो, काच कसली बदलताय! भिंत सरकतेय!"

"गप्प बस."

"मला काय गप्प करता? वर चाळीस पोरी आहेत!"

मामा धावत माझ्याकडे आले. "बाई, काचा मी बदलल्या. घंटा देऊ नका, पोरी धावत सुटतील."

उतरायला जिना तो एकच, त्याच कमानीखालून. मामांनी एकेकीला चपला हातात घ्यायला लावून उतरवलं. स्वतः कमानीखाली उभे, नजर वर, ओठ पांढरे. माती भुरभुरत होती. एक पोरगी खिदळली. मामांनी नुसतं बघितलं. चाळिसावी उतरली. कमान राहिली.

वरचा मजला मी बंद केला. कारण लिहिलं, रंगकाम. दाखला खोटा पडलाय हे दोघांनी जाऊन इंजिनिअरला सांगायचं ठरलं. दोन दिवस तुम्ही टाळलंत, नोकरी जाईल म्हणून. तिसऱ्या दिवशी मी टाळलं, त्याच भीतीने. पुढे तुम्ही गावी गेलात, मी निवृत्त झाले. खाली पहिलीचे वर्ग अजून त्याच दाखल्यावर भरतात.

इंजिनिअरचं ऑफिस शाळेच्या समोरच होतं, मामा. नुसता रस्ता ओलांडायचा होता.