दीड महिना कुठून मोजायचा

माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. जालन्याच्या दवाखान्यात काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. हातात आली तेव्हा तिच्या अंगावर मांस असं नव्हतंच. पुसताना कातडी बोटांबरोबर सरकायची. घरी न्यायला परवानगी मिळाल्यावर मी तिला घेऊन माहेरी, टेंभुर्णीला आले. नवरा जुन्या जालन्यातल्या घरीच राहिला, कारण एमआयडीसीतल्या कारखान्यात त्याच्या पाळ्या चालू होत्या. सुट्टीला तो मोटारसायकलवर येऊन जायचा.

पहिल्या लसी दवाखान्यातच झाल्या होत्या. दीड महिन्याच्या लसीची वेळ आली तेव्हा गावातल्या आशाताई घरी येऊन सांगून गेल्या. त्या गेल्यावर आईने शेंगा निवडता निवडता विचारलं, "दीड महिना कुठून मोजून राह्यल्या त्या?"

"जन्मल्यापासून."

"पण ही महिनाभर आधी आली. दिवस भरून आली असती तर आत्ता कुठं हिचं बारसं झालं असतं. मंग दीड महिना भरला कुठं?"

लग्नाआधी मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करत होते. दिवस कुठून धरायचे, याला तिथे फार महत्त्व असायचं. त्यामुळे आईचं म्हणणं मला खुळचट वाटलं नाही. लसीच्या दिवशी आम्ही गेलो नाही. आशाताई पुन्हा विचारायला आल्या तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "पोरीला सर्दी हाय." मुलगी आत शांत झोपली होती, नाक स्वच्छ. आई सहसा खोटं बोलत नाही. मला ते खटकलं, पण मी बाहेर येऊन खरं सांगितलं नाही.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "डॉक्टरला विचारलं का?"

"न्हाई अजून."

"मंग दोघींनीच ठरवून टाकलं व्हय?"

सुट्टीला तो आला. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि उभ्यानेच म्हणाली, "जावईबापू, महिनाभर थांबा. पोरीला जरा अंग धरू द्या."

"कशापायी थांबायचं, आई?"

ती पदराने कपाची बशी पुसत राहिली. मग म्हणाली, "हिच्या आधी मला एक पोरगा झाल्ता. इंजेक्शन देऊन आणला अन् त्याच आठवड्यात गेला."

माझ्या आधी एक भाऊ होता, एवढं मला माहीत होतं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. इंजेक्शनचं मी पहिल्यांदाच ऐकलं. नवऱ्याने चहा संपवला आणि सावकाश म्हणाला, "मंग हे डॉक्टरलाच सांगू. तुम्हीपण चला."

मला वाटलं होतं, ती येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती.

मुलगी जन्मल्यापासून ज्यांनी तिला पाहिलं होतं, जालन्याच्या त्याच डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी वजन केलं, छाती तपासली. कुणी विचारायच्या आत आईने आपल्या मुलाचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं.

"इंजेक्शनच्या आधी तो कसा होता, मावशी?"

आईला आठवायला वेळ लागला. "जुलाब लागल्ते. दूध ओढत नव्हता."

"बरेच दिवस?"

"हो. कापसाची वेचणी चालू व्हती. घरचे म्हणले, होईल बरं."

"म्हणजे तो आधीच आजारी होता. त्याला नेमकं काय झालं, हे आज मी खात्रीने नाही सांगू शकत. पण ही आजारी नाही. वजन चांगलं वाढतंय." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "लवकर आलेल्या बाळाचे दिवससुद्धा जन्मापासूनच मोजायचे. पोटातच आईकडून जे बळ मिळतं, ते हिला कमी मिळालंय. डांग्या खोकल्यासारखं काही झालं तर हिला झेपणार नाही. म्हणून थांबू नका."

नवरा माझ्याकडे पाहत होता. मी म्हणाले, "द्या."

आई उठून बाहेर व्हरांड्यात गेली. सुई टोचल्यावर मुलगी रडली, ते बाहेर ऐकू गेलं असणार. आई वळली मात्र नाही.

त्या दिवशी आम्ही जुन्या जालन्यातल्या घरीच थांबलो. संध्याकाळी मुलीचं अंग तापलं. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तापासाठी थेंबही दिले होते. आई पाळण्याजवळून हलली नाही. "दूध ओढून राह्यली का?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी हो म्हणायचे. तरी ती वाकून मुलीच्या गालांची हालचाल स्वतः पाहून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आई भाकरी थापत होती आणि मी बाजूला बसले होते. मधेच ती म्हणाली, "त्याचे केस कुरळे व्हते. अगदी बारीक कुरळे." मी विचारलं, रंग कसा होता, कुणावर गेला होता. जे आठवलं ते तिने सांगितलं, बाकीचं सोडून दिलं. तव्यावरची भाकरी जराशी करपली.

पुढच्या लसी टेंभुर्णीतच झाल्या, वेळेवर. आई आरोग्य केंद्रापर्यंत यायची, मुलीला माझ्याकडे द्यायची आणि फाटकाशी उभी राहायची. आत मात्र कधी आली नाही. भावाला इंजेक्शननेच नेलं असं तिला अजून वाटतं की नाही, मला माहीत नाही. मीही विचारलेलं नाही.