पंजाबराव आणि न थांबणारी पॅसेंजर

पंजाबराव जेवायलाही एक पाय चपलेत ठेवून बसतात, असं गोजरबाई सांगते. नवऱ्याबद्दल बायको सांगते त्यातलं निम्मं सोडून द्यावं म्हणतात. पण इथे सोडण्यासारखं काही नाही. हा माणूस बसतच नाही.

मलकापूरच्या अलीकडे, रुळाला लागून त्यांचं कपाशीचं शेत. शेगावकडून येणारी सकाळची पॅसेंजर तिथल्या सिग्नलला हटकून थांबायची, कारण मालगाडीला तेच रूळ ओलांडून मालधक्क्याकडे जायचं असायचं. कोळशाचे डबे संपता संपत नसत. पॅसेंजरमध्ये लेक करिष्मा असायची. सासर शेगावला, नोकरी भुसावळला. पंजाबराव खिडकीखाली उभे राहून तिला सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, ठेचा आणि गावातल्या ताज्या भानगडी पोचवायचे.

सासरी जाऊन भेटावं, तर गडी जुन्या वळणाचा. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. एकदा भर उन्हाळ्यात गेले आणि व्याह्यांसमोर कोरड्या घशानं तासभर पावसावर बोलले. पुन्हा गेले नाहीत.

आणि मालगाडीसाठी रुळांखालून भुयार करा म्हणून सगळ्यात जास्त ओरडले तेही हेच. करिष्माला रोज उशीर व्हायचा, साहेब बोलायचा. बापाला ते खपेना. खोदकामाचा नारळ यांनीच फोडला. मग रोज मुकादमाच्या मागे, "कवा होते बाप्पा?" मुकादम म्हणायचा, "होईल." आधी हे त्यावर चिडायचे. पुढेपुढे खूश व्हायला लागले. गोजरबाईच्या ते ध्यानात आलं.

"काऊन हो, आता घाई नाई तुमाले?"

"खोदू दे नीट. भुयार हाये, भाजीचा वाफा नाई."

शेवटी मालगाडी खालून गेली आणि पॅसेंजर वरून, न थांबता. करिष्माचा हात तेवढा दिसला. पंजाबराव पिशवी घेऊन बांधावरून धावले. बांध संपला, गाडी संपली नव्हती.

"मांगा आखीन भुयार," गोजरबाई म्हणाली.

रात्रभर ते कूस बदलत राहिले. सकाळी फलाटाचं तिकीट काढून मलकापूर स्टेशनवर हजर. गाडी आली. या डब्यात बघ, त्या डब्यात बघ, शेवटी आत चढून लोकांच्या गुडघ्यांवरून पिशवी पुढे काढत करिष्मापर्यंत पोचले, तोवर गाडी हलली.

"बाबा, गाडी सुटली न."

"दिसून राह्यलं मले." ते दाराकडे निघाले, परत आले, पुन्हा निघाले. शेजारच्या बाईनं पाय आखडून घेतले.

"बसा न आता, बाबा. किती पळसान?"

पंजाबराव बाकाच्या कडेवर टेकले. धापा टाकत होते. करिष्मानं बाटली पुढे केली. त्यांनी हात लांबवला, मागे घेतला.

"पाणी कुठचं हाये व?"

"घरचं. शेगावचं."

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"मले लेकरू नाई, मालूम हाये," करिष्मा म्हणाली. "पण हे गाडी काई माह्या सासऱ्याची नाई."

पंजाबरावांनी बराच वेळ विचार केला. एवढा वेळ त्यांना बसलेलं गावात कोणी पाहिलं नसेल. मग बाटली उंच धरून, ओठ न लावता, अर्धी रिकामी केली.

"तिकीट नाई माह्याजवळ," ते म्हणाले.

"दंड भरतो मी," करिष्मा म्हणाली.

"भरतच हायेस तं भुसावळपर्यंत येतो." त्यांनी चपला काढल्या, दोन्ही, आणि पाय वर घेतले. "हं, आयक आता. मोतीरामच्या घरी काय झालं काल..."