यादीतली शेवटची ओळ

संध्याकाळी कुठे काय बघायला जायचं हे ज्याला सुचत नसे, तो पेपरचं सहावं पान उघडायचा. तिथे उजवीकडे ‘आज शहरात’ नावाची उभी चौकट असायची. अमक्या थिएटरात नाटक, तमक्या सभागृहात गाणं, कुठे नाच, कुठे जादूचे प्रयोग. वेळ, पत्ता, जवळचा बसथांबा, सगळं. शहर एवढं मोठं की शेजारच्या गल्लीत काय चाललंय ते माणसाला पेपरातून कळावं. ही चौकट बावीस वर्षं एकच बाई भरत होत्या. ऑफिसात त्यांना यादीबाई म्हणत.

यादीबाईंचा रुबाब काही विचारू नका. थिएटरचे व्यवस्थापक त्यांना स्वतःहून फोन करत, पास पाठवत, पहिल्या रांगेत बसवत. मोठमोठे नट त्यांना नावानिशी ओळखत. बाई ऑफिसात शिरल्या की नवी पोरं खुर्चीतून अर्धी उठायची, आणि बाईंना ते आवडायचं. खोटं कशाला बोला, कुणाला आवडत नाही?

आता या चौकटीची एक गंमत होती. आयत्या वेळी मोठी जाहिरात आली की पान लावणारा जागा करायला चौकट कापायचा. कापायचा ती खालून. निवडून कापायला वेळ कुणाला आहे? खालच्या दोन-तीन ओळी गेल्या की काम झालं. म्हणून जे राहायलाच हवं ते बाई वर टाकत, आणि गेलं तरी चालेल ते खाली.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांत खाली एक ओळ ठरलेली असायची. ‘हाताच्या सावल्यांचा खेळ, वाचनालयाचं वरचं सभागृह, सायंकाळी पाच.’ शनिवारी जाहिराती भरपूर. ती ओळ कधी छापून आली असेल तर बाईंना आठवत नव्हतं.

तो खेळ करायचा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

तो दिवसभर बाजाराच्या तोंडाशी बसून किल्ल्या करायचा. बोटं अशी की कुलुपात नुसती तार घालून सांगेल, आतलं काय बिघडलंय. लहानपणी घरातले दिवे गेले की तो मेणबत्तीपुढे हात धरून भिंतीवर कोंबडा काढायचा आणि ताई हसून हसून लोळायची. ताई शिकली, पेपरात लागली. धाकट्याचं लक्ष भिंतीवरून काही उठलं नाही. पुढे त्याने पांढरा पडदा घेतला, दिवा घेतला, आणि वाचनालयाने त्याला महिन्यातून एक शनिवार दिला.

बाई नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्याच्या खेळाची पहिली चिठ्ठी टेबलावर होती. कुणीतरी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “हात धरून ससे काढतात ते? ते बघायला लोक घरातून बाहेर पडतात?” सगळे हसले. बाईही हसल्या. ‘माझा भाऊ आहे’ म्हणायला एक क्षण होता, तो त्यांनी जाऊ दिला. मग दुसऱ्या महिन्यात सांगायचं तर पहिल्या महिन्यात का नाही सांगितलं हा प्रश्न आलाच. असं करत बावीस वर्षं गेली. धाकट्याला त्यांनी बजावून ठेवलं होतं, ऑफिसात यायचं नाही, चिठ्ठी घरी आणून द्यायची. आणि ओळ कापली गेली की म्हणायचं, जागा नव्हती रे. ते खोटंही नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातला प्रकार.

त्या मंगळवारी धाकटा चिठ्ठी घेऊन आला, तो नेहमीसारखा दारातूनच परतला नाही. खुर्चीच्या कडेवर बसला.

“ताई, वाचनालयवाले सभागृह काढून घेतायत,” तो म्हणाला. “तिथे कॉम्प्युटरचा वर्ग काढायचाय. या शनिवारी निदान चाळीस माणसं आली तर शनिवार माझा राहील. नाहीतर हा शेवटचा. दुसरीकडे कोण देणार मला जागा?”

“बघते,” बाई म्हणाल्या.

“या वेळी जरा वर टाकशील?”

बावीस वर्षांत त्याने पहिल्यांदा काही मागितलं होतं. बाई म्हणाल्या, “टाकते रे, त्यात काय एवढं.”

आणि टाकली की! शुक्रवारी दुपारी यादी लावताना ती ओळ त्यांनी तिसऱ्या नंबरवर टाकली, दोन बड्या नाटकांच्या लगेच खाली. मनाला बरं वाटलं. तेवढ्यात पानाचे नवे प्रमुख मागे येऊन उभे राहिले. वयाने बाईंच्या निम्मे, पण जिभेला धार.

“बाई, हे काय? सावल्या? तिसऱ्या नंबरवर?” ते हसले. “कुणी नात्यातलं आहे की काय?”

चोराच्या मनात चांदणं. बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. प्रमुखांनी गंमत केली होती, उत्तराची वाटही न बघता ते पुढच्या टेबलाकडे गेले होते. ओळ हलवा असं कोणी म्हटलं नव्हतं. तरी बाईंचा हात गेला. त्यांनी ती ओळ उचलली आणि पार तळाशी नेऊन ठेवली. वर स्वतःशीच पुटपुटल्या, आज जाहिरात येणारही नाही कदाचित.

गाद्यांची जाहिरात आली. तळाच्या तीन ओळी गेल्या.

शनिवारी सकाळी पेपर बघून बाईंना चहा गोड लागेना. दुपारपर्यंत त्यांनी स्वतःची चार प्रकारे समजूत घातली आणि साडेचारला उठून वाचनालयात गेल्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही तिथे गेल्या नव्हत्या. जिना चढून वर आल्या, खुर्च्या मोजल्या, मग माणसं मोजली. नऊ. त्यांतली दोन बहुतेक पंख्याखाली बसायला आली होती. बाई मागच्या रांगेत बसल्या.

दिवा लागला. बाईंना वाटलं होतं, कोंबडा येईल, ससा येईल, पाचव्या मिनिटाला कंटाळा येईल. खरं सांगायचं तर त्यांना ते हवंच होतं. खेळ टाकाऊ निघाला असता तर बावीस वर्षांचं ओझं हलकं झालं असतं.

पडद्यावर एक म्हातारी आली. दोन हात, दुसरं काही नाही. तिने सुई डोळ्यांजवळ नेली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेम धरला, चुकली. परत धरला, परत चुकली. मग तिने मान वर करून कुणाला तरी हाक मारावी तसं केलं, कुणी आलं नाही, आणि ती पुन्हा सुईकडे वळली. सगळी माणसं श्वास रोखून बसली होती. दोरा गेला तेव्हा पुढच्या रांगेतला एक गृहस्थ डोळे पुसत होता. बाईंनी पहिल्या रांगेत बसून शेकडो प्रयोग बघितले होते. हे त्यांतल्या फार थोड्या नटांना जमलं असतं. ते कळलं आणि बाईंना तोंड कुठे लपवावं ते समजेना.

खेळ संपला. माणसं गेली. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई वही घेऊन आल्या.

“नऊच,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “मला वाईट वाटतं हो. पण कमिटीला काय दाखवू?” मग त्यांची नजर यादीबाईंकडे गेली. “तुम्ही पेपरच्या ना? तुम्हाला एका समारंभात बघितलंय मी. यांचं छापून आलं नव्हतं का? तसं असेल तर कमिटीकडून आणखी एक महिना मागून घेते.”

बाईंनी तोंड उघडलं.

“आलं होतं,” धाकटा पडद्याची घडी घालता घालता म्हणाला. “चांगलं ठळक आलं होतं. लोकच आले नाहीत.”

ग्रंथपालबाईंनी मान हलवली, वहीत त्याच्या नावावर रेघ मारली आणि सभागृहाची किल्ली मागून घेतली. बाई मूग गिळून उभ्या राहिल्या.

जिन्यावर त्यांनी त्याचा दंड धरला. “आलं नव्हतं. मी खाली टाकली होती.”

“ठाऊक आहे.”

“खाली टाकलं की कापतात.”

“तेही ठाऊक आहे, ताई. तुमचा पान लावणारा बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे किल्ली करायला आला होता. गप्पांत म्हणाला, शनिवारचं बरं असतं, बाई तळाला एक सावल्यांचा खेळ टाकतात, कापायला सोयीचा पडतो.”

बाई पायरीवर खालीच बसल्या. “मग चिठ्ठी कशाला आणून देत राहिलास?”

“त्या निमित्ताने तुझ्याकडे येणं व्हायचं.”

बाईंना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही. मग म्हणाल्या, “मी आत्ता वर जाते, खरं सांगते. आणि सोमवारी तू ऑफिसात ये. सगळ्यांसमोर सांगते, हा माझा भाऊ.”

धाकट्याने दिव्याची पेटी या हातातून त्या हातात घेतली. रागावला असता तर बाईंना सोसलं असतं. तो रागावला नाही.

“वर नको जाऊस. मी खोटा पडेन,” तो म्हणाला. “ऑफिसात मात्र येईन सोमवारी. आता यायला हरकत नाही. आता मी नुसत्या किल्ल्या करतो, त्यात तुला लाज वाटण्यासारखं काही नाही.”