पाखऱ्या आवतनाला आला

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मुद्दाम लावतोय. आज पोळा, आणि माझ्या ताटातल्या पुरणपोळ्या आमच्या पाखऱ्या बैलाने खाल्ल्या!

मी कमिशनर कचेरीतला कारकून, मला ना शेत ना गाडी. तरी उन्हाळ्यात सीताबर्डीच्या रस्त्याकडेला कुणीतरी टाकून दिलेला हा हाडांचा सापळा घरी आणला. जोखडाने खांदा सोललेला. माणसाचा हात दिसला की अंगभर थरथरायचा.

सौ. म्हणाली, "पोळ्यापर्यंत ठेवा जी, मंग पांजरपोळात सोडून या." औषधपाणी मात्र तीच करायची.

काल खांदशेकणी. तिने हळद-तूप घेऊन भीतभीतच त्याच्या खांद्याला हात लावला. तो हलला नाही! मग रीतीप्रमाणे ती त्याच्या कानाशी म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जेवणाचं हे बोलावणं प्रत्येक बैलाला देतात, पण खरंच कोण येतो?

आज मी पाटावर बसतोय तोच दावं तोडून पाखऱ्या ओसरीवर हजर. दोन घासांत माझं ताट साफ. मी ओरडलो.

"काहून ओरडून राहिले जी? आवतन म्याच देलं होतं त्याले," म्हणत तिने आणखी एक पोळी त्याला स्वतःच्या हाताने भरवली.

संध्याकाळी मी हळूच पांजरपोळाचा विषय काढला. ती म्हणाली, "बोलावल्या पाहुण्याले हाकलतात काय? छप्पर घाला."

तर मंडळी, कुणाकडे जुने बांबू पडलेत का?