गायकवाड मॅडमच्या रिव्हॉल्व्हरची मूठ

आमच्या नांदेडच्या नेमबाजी क्लबात गोळ्या कमी उडतात आणि चहा जास्त होतो. काडतुसं महाग, गप्पा फुकट! त्यामुळे प्रत्येक मेंबरच्या नावावर किस्से साचत जातात. सगळ्यात मोठा ढीग गायकवाड मॅडमचा, आणि त्यातला निम्मा त्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा.

मॅडम म्हणजे रिटायर्ड हेडमास्तरीण. वडील पोलिसात जमादार होते, त्यांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर वारशानं लायसन्ससकट मॅडमकडे आलं. लोखंड अजून ठणठणीत, पण मूठ बारीक आणि गुळगुळीत. बार उडाला की ती हातात सरकायची आणि अंगठ्याच्या बेचक्यात दणका बसायचा. मॅडमनी मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळून पाहिली. पहिल्याच बाराला ट्यूब सुटली आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या चष्म्यावर येऊन बसली. मॅडमनी मलाच विचारलं, मध्ये कशाला उभे राहता?

मुलगा मिलिंद लातूरला हाडांचा डॉक्टर. आईचा सुजलेला हात पाहून तो भडकला आणि रिव्हॉल्व्हर सरकारजमा करायला निघाला. मॅडमसाठी ती वडिलांची एकुलती एक आठवण, त्या अडून बसल्या. शेवटी तह झाला. लातूरच्या वार्षिक मॅचमध्ये पाचही गोळ्या निशाणाच्या कागदावर लागल्या आणि हात सुजला नाही, तर रिव्हॉल्व्हर राहील. नाहीतर मॅडम स्वतःच ते जमा करतील. आता हाताला बसेल अशी रुंद, नेमबाजीची मूठ करून घेणं आलं.

*

मूठ करणार कोण? लोहा गावचे रफीकभाई सुतार. कुऱ्हाडीच्या दांड्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण रिव्हॉल्व्हर म्हटल्यावर ते दोन पावलं मागे सरले.

"ते लोखंड माझ्या दुकानात नका आनू, मॅडम. लायसन तुमचं हाय, माझं न्हाई. तुमच्या पकडीचा ठसा आना, त्याच्यावरून लाकूड तासतो."

मॅडमनी घरी जुन्या मुठीच्या दोन्ही फळ्या स्क्रू काढून उतरवल्या. रिकाम्या सांगाड्याभोवती कणकेचा गोळा थापला आणि घट्ट पकडला. बोटांचे ठसे सुरेख उमटले. कणीक अलगद सोडवून त्यांनी फ्रिजमध्ये ठेवली आणि आंघोळीला गेल्या. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी आल्या आणि त्यांनी त्याच कणकेच्या पोळ्या लाटल्या. दुपारी मॅडमचा डबा आम्हीच संपवला. पोळ्यांना बंदुकीच्या तेलाचा किंचित वास होता, पण फुकटच्या पोळीला नावं कोण ठेवतो?

दुसऱ्या वेळी शाडूची माती वापरली.

*

रफीकभाईंनी पहिली मूठ केली ती बाभळीची. ऐसपैस, अंगठ्याला वेगळी जागा, तळहाताखाली ओट्यासारखा आधार. अडचण एवढीच की हिशेब कुऱ्हाडीचा होता. मॅडमचा अख्खा हात त्या मुठीत हरवून गेला. भोकरचे पाटील आमच्या क्लबातले वात्रट. त्यांनी ती दोन्ही हातांनी तोलून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, ह्याला बैल कुठून जुंपायचे?"

मॅडम पाटलांशी आठवडाभर बोलल्या नाहीत. रफीकभाई मात्र पोट धरून हसले आणि जुन्या बाजेच्या शिसवी पायातून दुसरी मूठ काढायला बसले.

*

ही मूठ हातात अशी बसली की मॅडमचे डोळे भरून आले. आणि नेमक्या निवडणुका लागल्या! लायसन्सवाल्या सगळ्यांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. रिव्हॉल्व्हर ठाण्यात, मूठ मॅडमच्या पर्समध्ये.

पण मॅडम थांबणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी मुठीच्या दोन फळ्यांमध्ये लाटणं बांधलं आणि रोज सकाळी खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरायला लागल्या. दूधवाला ते बघून दूध न देताच परत गेला. त्याला समजवायला मलाच जावं लागलं. तो म्हणाला, "दूध पातळ असतंय, कबूल. पन बाईला सांगा, तेवढ्यासाठी मानूस मारत न्हाईत."

*

निवडणुका उरकल्या, रिव्हॉल्व्हर परत आलं, त्याला मूठ बसली आणि लगेच लातूरची मॅच आली. मिलिंद ओपीडी सोडून रेंजवर हजर. मॅडमच्या शेजारच्या लेनला लातूरचे एक कापड दुकानदार होते. मॅडमनी शांतपणे पाच बार काढले. हात जागचा हलला नाही. आमच्या टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

कागद आले. मॅडमचा कागद कोरा करकरीत होता, एकसुद्धा भोक नाही. मिलिंदनं रिव्हॉल्व्हरच्या पेटीकडे हात नेला.

तेवढ्यात दुकानदारांचा कागद आला. त्याच्यावर दहा भोकं! पाच चारी कोपऱ्यांना पांगलेली आणि पाच मधल्या काळ्या गोलात, एका बांगडीत मावतील अशी. दुकानदारांची गोळी जन्मात कधी काळ्या गोलात गेली नव्हती, हे अख्ख्या लातूरला माहीत होतं. पंचांनी नियमाप्रमाणे मॅडमना शून्य दिलं.

मॅडमनी चष्मा पुसला. "मिलिंद, पाचही गोळ्या कागदावर, एवढीच अट होती. कागद कुणाचा, हे तू बोलला नव्हतास."

मिलिंदनं आईचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, बेचक्यात दाबून पाहिलं. कुठं सूज नव्हती, साधा लालसरपणाही नव्हता. त्यानं पेटी उचलली आणि आईच्या हातात दिली.

"आई, पुढच्या वर्षी निदान आपल्या कागदावर मार."