लंडनचं तिकीट स्वस्त झालं तेव्हा

मुलगी नोकरीसाठी लंडनला गेल्यापासून आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरी दर दिवाळीला तिचा फोन यायचा, की तिकीट केवढं महाग आहे, बाबा. मी म्हणायचो, हो ना, कशाला उगाच. मग आम्ही दोघं नवरा-बायको चौघांना पुरेल एवढा फराळ घेऊन बसायचो. तिकिटावर राग काढता येत होता, तोवर बरं चाललं होतं.

मग एका स्वस्त विमान कंपनीने इथून लंडनची फेरी सुरू केली. जेवण नाही, पांघरूण नाही, बॅगेचे पैसे वेगळे. पण भाडं इतकं कमी, की बड्या कंपन्यांनाही आपले दर निमूट खाली आणावे लागले. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्याच्या रांगेत उभा राहून मी ही स्पर्धा लोकांना अशी समजावून सांगायचो, जणू अटलांटिकवर माझीच दोन विमानं उडतात. मुलीला रोज दरांचे स्क्रीनशॉट पाठवायचो. उत्तरादाखल एक अंगठा यायचा. भाडं आणखी किती खाली यायला हवंय, हे मला कळेना.

दिवाळीच्या आधी सेल लागला. सेल दिसला की आधी घ्यायचं, मग कोणाला होतंय ते बघायचं, हा आमच्या घराण्याचा रिवाज. माझे निम्मे शर्ट असेच आलेत. एकाचंही बटण पोटावर लागत नाही. तिकीटही तसंच घेतलं. तिच्या नावाचं, पैसे परत न मिळणारं. मग मोठ्या उत्साहाने तिला फोन केला.



"बाबा, यू शुड हॅव आस्क्ड मी."

"अगं, पण आता तर स्वस्त झालंय."

"तिकिटाचं नाहीये ते. घरी आले की तुम्ही दोघं नुसते माझ्याकडे बघत बसता. आय कान्ट ब्रीद."

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. यावर बापाने काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ते कॅन्सल होत नाही गं."

तिकीट ज्या शनिवारचं होतं, त्या दुपारी मी लॅपटॉपवर ते विमान बघत बसलो. ग्रीनलंड ओलांडून, कॅनडावरून नकाशावर त्याचं एवढंसं पिवळं चिन्ह सरकत होतं. तिची खुर्ची रिकामी असेल, की ऐनवेळी दुसऱ्या कोणाला दिली असेल, याचा विचार करत होतो. अशा कंपन्या काही वाया जाऊ देत नाहीत. बायको अनारसे तळत होती. मध्येच हात पुसत येऊन मागे उभी राहिली. मला वाटलं, आता टोमणा बसणार.

"उतरलं का?" तिने विचारलं.

"उतरलं. वेळेच्या आधीच."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली.